दोन करडे चौकोन

फोन आला तेव्हा मी अंबडच्या आमच्या प्रेसमध्ये, चालत्या मशीनपाशी उभी होते. हातात नुकताच उचललेला ओला कागद, डोळ्याला भिंग, आणि कागदावर शेजारी शेजारी दोन करडे चौकोन... देवरे सरांच्या पुस्तकातलं रंगाच्या धड्याचं पान. फोन काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "वर्षा, सर गेले गं. पहाटे, झोपेतच." मी "येते" म्हणाले आणि फोन खिशात टाकला. आमच्याकडे शाया कालवणारे शांताराममामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मशीन बंद करू का, असं त्यांनी हलकेच विचारलं. मी नको म्हणाले. शाई आणि पाणी यांचा तोल मशीनवर एकदा बसला की तो मोडायचा नसतो. थांबवून पुन्हा सुरू केलं की पहिले शेकडो कागद वाया जातात आणि रंग परत तोच येईल याची कुणी हमी देत नाही. हे मला शिकवलं होतं ते सरांनीच. तेवढा गठ्ठा पुरा छापून होईपर्यंत, पाऊण तास, मी तिथून हलले नाही. मग पंचवटीला त्यांच्या घरी गेले. हे कळल्यावर सरांच्याच दोघातिघा जुन्या विद्यार्थ्यांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे. मी मशीन थांबवून रडत बसले असते तर सरांनी तिथूनही मला झापलं असतं.

मुद्रण आणि प्रकाशनाच्या पदवीला पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राचा एक पेपर असतो, हे बाहेर सांगितलं की लोक हसतात. पत्रिका छापायला गुरुत्वाकर्षण कशाला लागतं, असा त्यांचा चेहरा होतो. खरं सांगायचं तर आमच्या कॉलेजातही तेव्हा फार वेगळं मत नव्हतं. भौतिकशास्त्र विभागात 'प्रिंटिंगवाल्यांचा तास' ही शिक्षा समजली जायची. जो नवा लागला असेल किंवा ज्याचं वरच्यांशी वाजलं असेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. तो बिचारा येऊन कप्पी आणि उतरण शिकवायचा, मागच्या बाकावरची मुलं डुलक्या काढायची, आणि वर्षाच्या शेवटी निम्मा वर्ग नापास. देवरे सरांच्या गळ्यातही तो तास असाच पडला होता. पण त्यांनी तो उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घातला नाही, निवृत्त होईपर्यंत मिरवला. आधी एक काम मात्र केलं. ही मुलं पुढे करणार काय ते बघावं म्हणून जुन्या नाशकातल्या एका छापखान्यात जाऊन ते दिवसभर कोपऱ्यात उभे राहिले. अख्खा अभ्यासक्रम तिथे गरगर फिरत होता, फळ्यावर तेवढा कधी आला नव्हता, असं ते पुढे सांगायचे.

सर मूळचे सटाण्याकडचे. लहानखुरे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि एक घडीचं भिंग. चालायचे असे की बरोबरच्याला पळावं लागे. पहिल्या तासाला त्यांनी आम्हा सगळ्यांना त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणायला सांगितलं होतं. आल्या आल्या म्हणाले, वरून खाली फाडा. टरकन सरळ रेषेत फाटलं. आता आडवं फाडा, म्हणाले. ते वेडंवाकडं, दात पडल्यासारखं फाटत गेलं. चाळीस पोरंपोरी कागद फाडतायत, जमिनीवर कचरा, शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन बघून गेले... आणि सर शांतपणे फळ्याला टेकून उभे. असं का झालं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कागदाचे तंतू बनतानाच एका दिशेला झोपतात, त्या दिशेने तो सहज फाटतो, सहज दुमडतो, आणि दमट हवेत दुसऱ्या दिशेला फुगतो, हे आम्ही तासाभरात स्वतःच शोधून काढलं. शोधून काढलं असं आम्हाला वाटलं, हीच त्यांची हुशारी. आज माझ्या प्रेसमध्ये द्राक्षांचे खोके तयार होतात. त्या पुठ्ठ्याची दिशा चुकली तर शीतगृहात खोका पोट सुटल्यासारखा होतो. माझा आजवर एकदाही झालेला नाही. मला तसं सांगायला आवडतं.

त्यांची एक सवय सगळ्या नाशकातल्या छपाईवाल्यांना ठाऊक होती. ते खोलीत बसून काहीही तपासत नसत. प्रयोगवह्यांचा गठ्ठा बगलेत मारून प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात जायचे. तो उत्तरेकडे उघडत होता, तिथे थेट ऊन कधी येत नसे, दिवसभर सारखा, शांत उजेड. तिथल्या कठड्यावर वही ठेवून पेन्सिलीने शेरा लिहायचे, आणि शेऱ्याखाली न चुकता उजेडाची नोंद. 'ठीक. दुपारी बारा, ढगाळ, व्हरांडा.' दुसरा कुणी तारीख घालतो तसे हे हवा घालायचे. आणि 'ठीक'च्या वर त्यांची मजल कधी गेली नाही. 'छान', 'उत्तम' हे शब्द त्यांनी कुणासाठी जपून ठेवले होते देव जाणे. आम्ही पोरं त्यावरून त्यांची भरपूर नक्कल करायचो. कॅन्टीनच्या चहाचा घोट घेऊन कुणीतरी गंभीरपणे म्हणायचं, 'ठीक, सकाळी दहा, कडक ऊन.'

मला मात्र 'ठीक'सुद्धा मिळालं नाही. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला एक रंगाची पट्टी दिली होती आणि बारा तुकडे. बारांतून पट्टीशी जुळणारा तुकडा काढायचा. मी देवळाली कॅम्पच्या शिंप्याची मुलगी, रंग माझ्या हातचा मळ. वर्गात सगळ्यांच्या आधी तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली. सरांनी विचारलं, "कुठल्या उजेडात?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, इथेच, सर. ते पट्टी आणि तुकडा उचलून व्हरांड्याकडे चालू लागले आणि मी मागून धावले. बाहेर कठड्यावर दोन्ही ठेवले तर पट्टी होती बदामी आणि माझा तुकडा सरळ सरळ हिरवट. आत ट्यूबलाइटखाली तेच दोन जुळे भाऊ वाटत होते... माझा विश्वासच बसेना. मी पुन्हा आत नेऊन बघितले, पुन्हा बाहेर. सर घड्याळाकडे बघत उभे. त्यांनी मला त्या प्रयोगाचे शून्य गुण दिले आणि मी नापास झाले.

मला भयंकर राग आला होता, तो आज लपवण्यात अर्थ नाही. वर्गात रंगाची सगळ्यात बरी नजर माझी, आणि मीच नापास. कॅम्पच्या बाजारात आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, दुकान होतं. लष्करातल्या लोकांच्या वर्द्या शिवायचे. मी तणतणत तिथे गेले तेव्हा नाना दुकानाच्या पायरीवर उभे होते, एका हातात वर्दीचं कापड, दुसऱ्या हातात चारपाच रिळं. एकेक रीळ कापडाला लावून बघत होते. मी सगळी कहाणी सांगितली, सर कसे विक्षिप्त आहेत तेही सांगितलं. नानांनी रिळावरची नजरसुद्धा काढली नाही. म्हणाले, "दोरा कुणी आत बसून निवडतं का? एवढी वर्षं मी ह्या पायरीवर काय ऊन खायला उभा राहतो?" लहानपणापासून मी नानांना त्या पायरीवर बघत होते. गिऱ्हाइकाला कापड दाखवतानाही ते 'बाहेर या, उजेडात बघा' म्हणायचे. जे आमच्या घरात रोज घडत होतं त्यात मी नापास झाले होते. ही गोष्ट पुढे मी सरांना सांगितली तेव्हा ते पुढच्याच रविवारी बस पकडून कॅम्पात आले आणि नानांशी दोन तास बोलत बसले. त्यानंतरच्या प्रत्येक वर्गाला रंगाचा धडा 'कॅम्पात एक टेलर आहेत' या वाक्याने सुरू व्हायचा. नाना गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा दाखला कॉलेजात दिला जायचा याचा त्यांना केवढा अभिमान होता, आणि मला त्यांच्याहून जास्त.

दुसऱ्या खेपेला मी तुकडे थेट व्हरांड्यात घेऊन गेले आणि पास झाले. शेरा: 'ठीक. सकाळी अकरा, ऊन, व्हरांडा.' पुढे नोकऱ्या केल्या, मग अंबडला स्वतःची प्रेस टाकली. जागा बघताना दलाल मला रस्ता, पाणी, वीज दाखवत होता आणि मी विचारत होते, उत्तरेला भिंत आहे की खिडकी? त्या माणसाने मला वास्तुशास्त्रवाली समजून ईशान्य कोपरा दाखवला. उत्तरेची खिडकी मिळाली, तिच्याखाली तपासणीचं टेबल टाकलं. सर दर वर्षी आपला वर्ग घेऊन यायचे आणि त्या टेबलापाशी तास घ्यायचे. मुलांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, ही निकुंभ, माझ्या विषयात नापास झालेली. मुलं हसायची. मीही हसायचे. मनातून मात्र मला त्यांच्या तोंडून एकदा दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. वय वाढलं तरी ते काही सुटलं नाही.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या पेपराला घरघर लागली. नवा अभ्यासक्रम तयार होत होता. आता सगळं संगणकावर होतं, छपाईच्या मुलांना भौतिकशास्त्र कशाला, ते काढून तिथे आणखी एक संगणकाचा विषय घालू, असं समितीत घाटत होतं. शिकवायला कुणी तयार नाही आणि शिकवायचं म्हटलं तर या विषयाला पुस्तकच नाही, ही त्यांची दोन कारणं. दुसरं कारण खरं होतं. सरांच्या टिपणांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स पिढ्यान्पिढ्या चालत आल्या होत्या, शेवटच्या पिढीत तर अक्षरांचे डाग झाले होते. सर समितीपुढे गेले. नवं वर्ष सुरू व्हायच्या आत छापील पुस्तक द्या, मग बघू, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या दिवशी ते प्रेसमध्ये आले, टेबलावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, आपण एवढे छापणारे शिकवले, एक पुस्तक छापता येणार नाही?

मग आम्ही सगळे जुने विद्यार्थी कामाला लागलो. कुणी मजकूर टंकला, कुणी आकृत्या काढल्या. सर तपासायचे आणि प्रत्येक मुद्रिताच्या समासात हवामान लिहून परत पाठवायचे. त्यातच त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. जिना चढताना थांबायला लागले, मग चालताना, मग बोलताना. दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. पुस्तक होत आलं होतं आणि सर एका पानावर अडून बसले. रंगाच्या धड्यात त्यांना दोन करडे चौकोन हवे होते. वर्गातल्या दिव्याखाली दोन्ही अगदी सारखे दिसायला हवेत आणि तेच पान खिडकीशी नेलं की वेगळे. मी समजावून पाहिलं की मजकुरात लिहून टाकू, आकृती घालू. ते म्हणाले, "वर्षा, वाचून कुणाला पटत नाही. तुला तरी कुठे पटलं होतं? ते पान नाही तर पुस्तक नाही." चिडून मी फोन ठेवला होता. वर्ष सुरू व्हायला दोन महिने राहिले होते, पेपर टिकायचा तर पुस्तक वेळेत हवं होतं, आणि ह्यांचा हट्ट. पण त्यांनी मला 'निकुंभ' न म्हणता 'वर्षा' म्हटलं होतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

करडा रंग दोन वाटांनी करता येतो. एक, काळ्या शाईत पांढरी मिसळून. दुसरा, काळ्याचा थेंबही न घालता, निळी, लाल आणि पिवळी अशा तीन शाया कालवून. दोन्ही डोळ्यांना सारखे वाटतील इथपर्यंत आणता येतात, पण ते सारखे असतात फक्त एका उजेडात. उजेड बदलला की तीन शायांचा करडा आपलं मूळ दाखवतो. एरवी ही आमच्या धंद्यातली डोकेदुखी. गिऱ्हाईक दुकानात पसंत करून जातं आणि घरी जाऊन भांडायला येतं. ती डोकेदुखी आम्हाला आता मुद्दाम बनवायची होती. शांताराममामांनी आठवडाभर काचेवर सुरीने शाया कालवल्या. चिमूटभर पिवळी, राईएवढी लाल... शेवटी एका दुपारी ते म्हणाले, "ताई, आता माझी नजर चालत नाय. मला दोन्ही एकच दिसत्यात." मी पान खिडकीशी नेलं, चौकोन वेगळे झाले. तशीच रिक्षा करून दवाखान्यात गेले.

सर उशीला टेकून बसले होते, नाकाला प्राणवायूची नळी. मी मोठ्या दिमाखात पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वर धरलं, छताच्या दिव्याकडे बघितलं आणि पान माझ्याकडे वळवलं. दोन्ही चौकोन वेगळे दिसत होते. एक करडा, एक जांभळट. दिव्याखालीच! सरांनी विचारलं, "कुठल्या उजेडात जुळवलंस?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रेसमध्ये शाईच्या टेबलावर अजून प्रेस टाकली तेव्हाची जुनी ट्यूब होती. दवाखान्यात नवे एलईडी. कॉलेजच्या वर्गांमध्येही आता एलईडीच. ज्या मुलांसाठी हे पान होतं त्यांच्या वर्गात ते पान पहिल्याच दिवशी फसलं असतं. एवढी वर्षं मुलामुलींना हा धडा मी स्वतः प्रेसमध्ये उभं राहून सांगितला होता, आणि तीच चूक पुन्हा केली होती. सर हसायला लागले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, काकू धावल्या, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तरी ते हसतच होते. मला वाटलं होतं ते चिडतील. ते एवढंच म्हणाले की प्रश्नपत्रिका तीच असली तरी उजेड दर पिढीला नवा येतो.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले, ज्या वर्गात हा पेपर शिकवला जातो तिथला एक दिवा शिपायाकडून मागून घेतला आणि शाईच्या टेबलावर लावला. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मामा आता इरेला पेटले होते, जेवणाचा डबासुद्धा टेबलापाशीच उघडायचे. काकू रोज फोन करून सरांची तब्येत सांगायच्या, आणि मागून सरांचा आवाज यायचा, जुळलं का? चार दिवस यायचा, मग यायचा थांबला. काकू म्हणाल्या, विचारतात, पण फोनपर्यंत पोचत नाही आवाज. नवव्या दिवशी जुळलं. या वेळी मी दिमाख घरी ठेवून गेले.

खोलीतल्या दिव्याखाली सरांनी पान बराच वेळ बघितलं. दोन्ही चौकोन एकच. त्यांनी भिंग मागितलं, त्यातून बघितलं. मग पांघरूण बाजूला करायला लागले. खिडकी. त्यांच्या खोलीची खिडकी पूर्वेला होती, तिच्यातून सकाळचं पिवळं ऊन यायचं, ते त्यांना चालणार नव्हतं. ड्युटीवरची नर्स सुरगाण्याकडची एक तरुण मुलगी होती. ती आधी नाहीच म्हणाली, मग सरांचं तोंड बघून चाकाची खुर्ची घेऊन आली. प्राणवायूचं नळकांडं मी ओढत नेलं, काकू एका बाजूला. कॉरिडॉरच्या टोकाला एक मोठी खिडकी होती. सरांनी नर्सला विचारलं की ही उत्तरेची का? तिला दिशा काही सांगता येईना. ती म्हणाली, "ते नाय माहीत सर, पन हितं ऊन कधीच येत नाय. टॉवेल टाकले तर वाळत नाय." सर खुलले. म्हणाले, म्हणजे उत्तरच.

त्यांनी पान खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. डावा चौकोन तसाच थंड करडा राहिला, आणि उजवा हळूच तांबूस झाला. आधी बोलली ती नर्स. "अय्या, हे तर वेगळं झालं," ती म्हणाली, आणि पान उचलून कॉरिडॉरच्या दिव्याखाली गेली, पुन्हा खिडकीशी आली, पुन्हा दिव्याखाली. पहिल्या वर्षाला मी केलं होतं तसंच. सर तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो वर्गातला भाव, फळ्याला टेकून उभे असतानाचा. त्यांनी तिला विचारलं, का बरं? तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली की दुकानात घेतलेल्या साडीचं पण असंच होतं, घरी गेल्यावर ब्लाउजपीस मेळ खात नाय. सरांनी मान हलवली, हो, तेच, म्हणाले, आणि थांबत थांबत, दोन शब्दांमध्ये श्वास घेत, तिला दिव्याच्या उजेडात कुठले रंग कमी असतात ते सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. तो त्यांचा शेवटचा तास. तिला समजलं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

छपाईत एक रीत आहे. पसंत पडलेल्या पहिल्या कागदावर सही घ्यायची आणि तो मशीनपाशी ठेवायचा, पुढचे सगळे कागद त्याच्याशी ताडून बघायचे. त्याला आम्ही ओके शीट म्हणतो. मी सरांच्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी पान उलटं केलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं, अक्षर हललेलं, पण त्यांचंच. 'जुळतं आणि फुटतं. सकाळी साडेदहा, निरभ्र, दवाखान्याची उत्तरेची खिडकी.' मी 'ठीक' शोधत होते. ते नव्हतं. पेन्सिल परत देताना त्यांनी माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत म्हटलं, "आते चांगलं शे." आता चांगलं आहे. सर विद्यार्थ्यांशी कधी अहिराणीत बोलत नसत. ती काकूंसाठी आणि गावाकडच्या फोनसाठी राखलेली होती. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी नळकांडं धरून उभी होते... आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पास झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दहा दिवसांनी सर गेले, मशीनवर त्यांचं तेच पान असताना. दहाव्याच्या आत पुस्तक बांधून झालं. पहिली प्रत काकूंना दिली, दुसरी समितीकडे. तिथे कुणीतरी कौतुकाने पानं उलटली, आणि मी त्यांना हात धरून खिडकीशी नेलं. पेपर अभ्यासक्रमात राहिला आहे. शिकवायला एक तरुण प्राध्यापिका स्वतःहून पुढे आल्या आहेत. त्यांना छपाईतलं काहीही येत नाही. पहिल्या तासाला काय करू, असं विचारायला त्यांनी मला फोन केला तेव्हा मी म्हणाले, मुलांना वर्तमानपत्र आणायला सांगा.

गेल्या महिन्यात काकू प्रेसमध्ये आल्या. सरांच्या फोटोशेजारी दिवाणखान्यात लावायला त्यांना ती ओके शीट हवी होती, चौकट करून. मागणं त्यांचं, हक्क त्यांचा. पण भिंतीवर लावली की वर्षा-दोन वर्षांत उजेड तिच्यातला लाल रंग खाऊन टाकणार, चौकोन फिके पडणार, आणि पान खोटं बोलायला लागणार. मी चाचरत चाचरत हे सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देव्हाऱ्यातल्या फोटोवर ऊन आलं तरी हे उठून पडदा ओढायचे. राहू दे तुझ्याकडेच." आयुष्यभर प्रत्येक वस्तू उजेडात न्या म्हणणाऱ्या माणसाचा शेवटचा कागद अंधारात जपावा लागतोय, हे मला कधी कधी अजब वाटतं. पण त्यांनीच शिकवलेलं आहे, त्याला माझा इलाज नाही. काळ्या पाकिटात घालून तो मी खिडकीखालच्या टेबलाच्या खणात ठेवला आहे.

परवा कॉलेजचा पहिल्या वर्षाचा वर्ग प्रेस बघायला आला, सरांशिवाय आलेला पहिला वर्ग. दिव्याखाली मी पाकिटातून कागद काढला आणि विचारलं की या दोन चौकोनांत फरक काय? एक मुलगी सगळ्यांच्या आधी, अगदी ठाम बोलली, काहीच नाही मॅडम, दोन्ही एकच आहेत. तिच्या आवाजातला तोरा मी ओळखला. मी विचारलं, कुठल्या उजेडात? ती गोंधळली, तिने वर दिव्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग खिडकीकडे. तिने कागद दोन्ही हातांनी धरला आणि आपणहून खिडकीकडे चालू लागली, बाकीचे तिच्या मागे. सगळ्यांचं बघून झाल्यावर मी कागद उलटा करून त्यांना मागची पेन्सिलीतली ओळ वाचू दिली, आणि पुन्हा पाकिटात घालून खण लावून घेतला.